कर्करोगातील सूक्ष्मजंतू संक्रामण व प्रतिजैव चिकित्सा

कर्करोग अथवा त्यावरील उपचार यांमुळे ज्यांची रोगप्रतिकारक्षमता क्षीण झाली आहे, अशा रुग्णांना सूक्ष्मजंतूंचे संक्रामण सहज होते व ते अल्पावधीत प्राणघातक ठरू शकते. या संक्रामणावर प्रतिजैव पदार्थांनी (अँटिबायॉटिक औषधांनी) करावयाच्या उपचारांचा आणि त्या उपचारांच्या तुलनात्मक मूल्यमापनाचा विचार या नोंदीत केला आहे. निरोगी व्यक्तीत प्रतिजैव पदार्थ सूक्ष्मजंतूंचा नाश करतात किंवा त्यांची वाढ रोखतात आणि उरलेले काम शरीरातील भक्षक कोशिका (पेशी) पार पाडतात. ज्या रुग्णात या कोशिकाच उरलेल्या नसतात, त्याच्या बाबतीत जवळजवळ सर्व भार औषधावर पडतो. म्हणून औषध कोणते द्यावे, किती लवकर द्यावे, एकच द्यावे की जोडीने द्यावे आणि केव्हा थांबवावे, या प्रश्नांना येथे विशेष महत्त्व आहे. १९७० नंतर या प्रश्नांची उत्तरे अनेक देशांतील तुलनात्मक चाचण्यांनी शोधली. सर्व रुग्णालयांत सदैव श्रेष्ठ ठरेल असे एकच औषध नाही. पहिली मात्रा विनाविलंब देणे आणि ती स्थानिक सूक्ष्मजंतूंना लागू पडणारी असणे या दोन गोष्टी निर्णायक आहेत, असा या चाचण्यांचा एकंदर निष्कर्ष आहे.

प्रतिरक्षा क्षीण होण्याची कारणे : रक्तातील श्वेत कोशिकांपैकी उदासीनरंजी कोशिका (न्यूट्रोफिल) सूक्ष्मजंतूंचे भक्षण करणारी शरीराची पहिली फळी होय. प्रौढ व्यक्तीच्या दर घ. मिमी. रक्तात त्या साधारणतः १,५०० ते ८,००० असतात. त्या अस्थिमज्जेत (हाडांच्या पोकळीतील मगजात) तयार होतात व रक्तात आल्यावर अल्पकाळच टिकतात. कर्करोगावरील बहुतेक रासायनिक औषधे जलद विभाजन पावणाऱ्या कोशिकांचा नाश करतात. अस्थिमज्जेतील जनक कोशिकाही जलद विभाजन पावणाऱ्या असल्यामुळे त्यांवरही या औषधांचा आघात होतो. परिणामी औषधाच्या एका फेरीनंतर साधारणपणे दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास रक्तातील उदासीनरंजी कोशिकांची संख्या नीचांक गाठते. या अवस्थेस येथे ‘कोशिकान्यूनता’ असे म्हटले आहे. तीव्र श्वेतकोशिकार्बुदात (रक्ताच्या कर्करोगात) मूळ रोगामुळेच अस्थिमज्जेचे कार्य बिघडलेले असते. त्यामुळे अशा रुग्णात कोशिकान्यूनता अधिक तीव्र असून ती कित्येक आठवडे टिकू शकते.

याच औषधांमुळे तोंड व आतडे यांचे अस्तर असलेली श्लेष्मकलाही सोलवटते. आतड्यात निरुपद्रवीपणे राहणाऱ्या सूक्ष्मजंतूंना अशा जखमांवाटे रक्तात शिरण्यास मार्ग मिळतो. नीलेत दीर्घकाळ ठेवलेली नळी, स्टेरॉइड औषधे आणि काही कर्करोगांत प्रतिपिंडांचे (सूक्ष्मजंतूंना निष्प्रभ करणाऱ्या प्रथिनांचे) घटलेले उत्पादन यांची त्यात भर पडते. म्हणजेच या रुग्णांतील पुष्कळसे संक्रामण बाहेरून न येता रुग्णाच्या स्वतःच्या शरीरातूनच उद्भवते. केवळ वेगळ्या खोलीत ठेवल्याने ते टळत नाही, याचे कारण हेच आहे.

कोशिकासंख्या व संक्रामण यांतील संबंध १९६६ मध्ये अमेरिकेतील जेरल्ड बोडी व त्यांचे सहकारी यांनी तीव्र श्वेतकोशिकार्बुदाच्या रुग्णांचा अभ्यास करून स्पष्ट केला. कोशिकांची संख्या दर घ. मिमी. रक्तात १,००० च्या खाली गेल्यावर संक्रामणाचे प्रमाण वाढू लागते व १०० च्या खाली गेल्यावर ते फार वाढते. न्यूनता जितकी दीर्घकाळ टिकेल तितका धोका अधिक, हेही त्यांनी दाखविले. नंतरच्या सर्व चिकित्सापद्धती या निरीक्षणावर उभ्या आहेत.

ज्वराचे महत्त्व : पू, सूज, लाली, खोकल्यातून पडणारा बेडका ही संक्रामणाची नेहमीची लक्षणे मुख्यतः श्वेत कोशिकांच्या गर्दीमुळे उत्पन्न होतात. त्या कोशिकाच नसल्यामुळे कोशिकान्यूनता असलेल्या रुग्णात फुप्फुसदाह झाला असूनही क्ष-किरण चित्रात प्रारंभी काही दिसत नाही आणि मूत्रमार्गाचे संक्रामण असूनही मूत्रात पू आढळत नाही. बहुधा ज्वर हेच एकमेव चिन्ह असते. तोंडात घेतलेले तापमान एकदा ३८·३° से. (१०१° फॅ.) किंवा त्याहून अधिक आढळल्यास, अथवा ३८° से. (१००·४° फॅ.) वा त्याहून अधिक तापमान तासभर टिकल्यास, आणि त्याच वेळी उदासीनरंजी कोशिका दर घ. मिमी. रक्तात ५०० पेक्षा कमी असल्यास किंवा पुढील ४८ तासांत तितक्या कमी होण्याचा संभव असल्यास, ती तातडीची अवस्था समजतात.

अशा रुग्णांपैकी सु. १० ते २५ टक्क्यांच्या रक्तात सूक्ष्मजंतू आढळतात. पुष्कळांच्या बाबतीत ज्वराचे कारण शेवटपर्यंत सिद्ध होत नाही. रक्ताचे संवर्धन (पोषक माध्यमात सूक्ष्मजंतू वाढवून ते ओळखण्याची पद्धत) करून निश्चित उत्तर मिळण्यास एक ते तीन दिवस लागतात. तेवढा काळ औषध रोखून धरल्यास जंतुरक्तता झालेला रुग्ण दगावण्याचा संभव असतो. म्हणून संवर्धनासाठी रक्त घेताच, अहवालाची वाट न पाहता, सर्वसाधारणपणे रुग्ण रुग्णालयात पोहोचल्यापासून एका तासाच्या आत प्रतिजैव पदार्थाची पहिली मात्रा नीलेवाटे द्यावी असा संकेत आहे. कारक सूक्ष्मजंतू ज्ञात नसताना संभाव्य सूक्ष्मजंतू गृहीत धरून केलेल्या या उपचारास अनुभवाधिष्ठित चिकित्सा म्हणतात.

कारक सूक्ष्मजंतू : सूक्ष्मजंतूंचे ग्रॅम-व्यक्त (ग्रॅम यांच्या रंजनपद्धतीत जांभळा रंग टिकवून धरणारे) व ग्रॅम-अव्यक्त (तो रंग टिकवून न धरणारे) असे दोन मोठे गट पाडले जातात. १९६० ते १९८० या काळात एश्चेरिकिया कोलाय, क्लेब्सिएला आणि स्यूडोमोनस एरुजिनोजा हे ग्रॅम-अव्यक्त सूक्ष्मजंतू मृत्यूचे प्रमुख कारण होते. त्यांपैकी स्यूडोमोनस विशेष घातक असून त्याच्या रक्तसंक्रामणात योग्य औषध न मिळाल्यास रुग्ण एक-दोन दिवसांतच दगावत असे.

१९८० नंतर यूरोप व उत्तर अमेरिकेतील रुग्णालयांत चित्र पालटले. नीलेत दीर्घकाळ ठेवावयाच्या नळ्यांचा वाढता वापर, श्लेष्मकलेस अधिक इजा करणारी कर्करोगविरोधी औषधे आणि ग्रॅम-अव्यक्त सूक्ष्मजंतूंविरुद्ध दिली जाणारी प्रतिबंधक औषधे यांमुळे त्वचेवरील स्टॅफिलोकॉकस व तोंडातील स्ट्रेप्टोकॉकस या ग्रॅम-व्यक्त सूक्ष्मजंतूंचे प्रमाण वाढले. इ. स. २००० नंतर अनेक देशांत ग्रॅम-अव्यक्त सूक्ष्मजंतू पुन्हा वाढत असल्याचे दिसून आले असून या वेळी ते अनेक औषधांना प्रतिरोध करणारे आहेत. भारतातील कर्करोग रुग्णालयांत ग्रॅम-अव्यक्त सूक्ष्मजंतूंचेच प्राबल्य आढळते. एका देशात झालेल्या चाचणीचा निष्कर्ष दुसऱ्या देशात जसाच्या तसा का लागू करता येत नाही, हे यावरून लक्षात येईल.

अनुभवाधिष्ठित चिकित्सेचा उदय : पूर्वी संवर्धनाचा अहवाल आल्यावरच औषध देण्याची रीत होती. १९६० च्या दशकात जेंटामायसीन हे अमिनोग्लायकोसाइड वर्गातील व कार्बेनिसिलीन हे पेनिसिलीन वर्गातील, अशी स्यूडोमोनसवर चालणारी दोन औषधे उपलब्ध झाली. १९७१ मध्ये अमेरिकेतील बॉल्टिमोर येथील कर्करोग संशोधन केंद्रात स्टीव्हन शिम्फ व त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्वर येताच ही दोन औषधे जोडीने देण्याचा परिणाम प्रसिद्ध केला. स्यूडोमोनस संक्रामणाचेही रुग्ण यातून वाचू शकतात असे दिसून आल्यामुळे ही पद्धत लवकरच सर्वत्र रूढ झाली. तथापि, तीत दोषही होते. कार्बेनिसिलीन दिवसाला सु. ३० ग्रॅ. इतक्या मोठ्या प्रमाणात द्यावे लागे. त्यातील सोडियमाचा भार हृदयावर पडे व रक्तातील पोटॅशियम घटे. जेंटामायसिनामुळे वृक्क (मूत्रपिंड) व अंतर्कर्ण यांना इजा होई. सिसप्लॅटिन हे कर्करोगावरील औषधही याच दोन इंद्रियांना अपायकारक असल्याने दोन्ही औषधे मिळालेल्या रुग्णांत हा धोका दुणावतो. [⟶ प्रतिजैव पदार्थ].

तुलनात्मक चाचण्या : कोणती जोडी अधिक चांगली हे ठरविण्यासाठी एकाच रुग्णालयातील रुग्ण पुरेसे नसतात. म्हणून यूरोपातील कर्करोग संशोधन व उपचार संघटनेच्या आश्रयाखाली १९७३ मध्ये अनेक देशांतील रुग्णालयांचा एक संयुक्त गट स्थापन झाला. या गटाने १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पहिल्या चाचणीत कार्बेनिसिलीन, सेफॅलोथीन व जेंटामायसीन या तीन औषधांच्या तीन जोड्यांची तुलना केली होती. रुग्ण कोणत्या गटात जाईल हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यादृच्छिकपणे ठरविण्यात आले. तिन्ही जोड्यांच्या गुणकारकतेत लक्षणीय फरक आढळला नाही. परंतु सेफॅलोथीन व जेंटामायसीन या जोडीने वृक्कांना अधिक अपाय झाला. उपचारांची निवड केवळ गुणकारकतेवर नव्हे, तर अपायावरही करावी लागते, हा या चाचणीचा धडा होय.

(१) एकल की संयुक्त चिकित्सा : परीक्षानळीत बीटा-लॅक्टाम वर्गातील (पेनिसिलीन, सेफॅलोस्पोरीन, कार्बापेनेम इ.) औषध आणि अमिनोग्लायकोसाइड यांचा एकत्रित परिणाम दोहोंच्या बेरजेहून अधिक होतो. म्हणून जोडी देणे अनिवार्य समजले जाई. १९८६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील फिलिप पिझो व सहकाऱ्यांनी ज्वराच्या ५५० प्रसंगांत एकट्या सेफ्टाझिडिमाची तीन औषधांच्या संयुक्त चिकित्सेशी तुलना केली. रुग्ण वाचण्याचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच होते. पुढच्याच वर्षी यूरोपीय गटाने सेफ्टाझिडिमाबरोबर ॲमिकासीन तीनच दिवस देणे व पूर्ण काळ देणे यांची तुलना केली. तीत ग्रॅम-अव्यक्त जंतुरक्ततेच्या रुग्णांना पूर्ण काळ जोडी दिल्याने अधिक लाभ झाला. परस्परविरोधी वाटणाऱ्या या निष्कर्षांमुळे वाद दीर्घकाळ चालू राहिला.

१९९६ मध्ये यूरोपीय गटाच्याच मोठ्या चाचणीत एकटे मेरोपेनेम हे सेफ्टाझिडीम व ॲमिकासीन यांच्या जोडीइतकेच गुणकारी ठरले. २००३ मध्ये मिकाल पॉल, लिओनार्ड लायबोविसी व सहकाऱ्यांनी ४७ चाचण्यांतील ७,८०७ रुग्णांच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. अमिनोग्लायकोसाइडाची जोड दिल्याने मृत्यूंचे प्रमाण घटत नाही, उलट वृक्कविकारासह इतर अपाय वाढतात, असे त्यावरून सिद्ध झाले. तेव्हापासून स्थिर प्रकृतीच्या रुग्णाला स्यूडोमोनसवर चालणारे एकच बीटा-लॅक्टाम औषध देणे ही प्रमाण पद्धत मानली जाते. रक्तदाब ढासळलेला असल्यास किंवा प्रतिरोधी सूक्ष्मजंतूंचा सबळ संशय असल्यास मात्र दुसरे औषध जोडतात. तेथे उद्देश दोन औषधांच्या परस्परपूरक क्रियेचा नसून, दोहोंपैकी निदान एक तरी लागू पडावे असा असतो.

(२) बीटा-लॅक्टाम औषधांतील तुलना : पिपरॅसिलीन-टॅझोबॅक्टम, सेफेपीम, मेरोपेनेम व इमिपेनेम ही प्रमुख औषधे प्रारंभिक चिकित्सेसाठी वापरतात. सूक्ष्मजंतू संवेदनक्षम असतील तर त्यांच्या गुणकारकतेत फारसा फरक नाही. सेफेपीम घेणाऱ्यांत मृत्यूंचे प्रमाण इतर बीटा-लॅक्टाम औषधांपेक्षा अधिक असल्याचे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात आढळले होते. परंतु अमेरिकेच्या औषध नियंत्रण यंत्रणेने अधिक चाचण्यांची माहिती तपासून २००९ मध्ये असा वाढीव धोका सिद्ध होत नसल्याचे जाहीर केले. कार्बापेनेम वर्गातील औषधांचा पल्ला सर्वांत विस्तृत आहे. पण त्यांमुळे आतड्यातील उपयुक्त सूक्ष्मजंतूही मोठ्या प्रमाणात नष्ट होतात व क्लॉस्ट्रिडियम वर्गातील सूक्ष्मजंतूंमुळे होणाऱ्या बृहदांत्रशोथाचे (मोठ्या आतड्याच्या दाहयुक्त सुजेचे) प्रमाण वाढते. शिवाय त्यांच्या सरसकट वापराने प्रतिरोधी वाणांची निवड होते.

सूक्ष्मजंतू संवेदनक्षम नसतील तर मात्र मोठा फरक पडतो. कर्करोगापुरत्या मर्यादित नसलेल्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत (२०१८) सेफ्ट्रिअक्झोनाला प्रतिरोध करणाऱ्या एश्चेरिकिया व क्लेब्सिएला यांच्या जंतुरक्ततेत ३० दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण मेरोपेनेम दिलेल्या गटात ३·७%, तर पिपरॅसिलीन-टॅझोबॅक्टम दिलेल्या गटात १२·३% होते. असे प्रतिरोधी वाण जेथे सर्रास आढळतात तेथे गंभीर रुग्णात प्रारंभीच कार्बापेनेम देण्याकडे कल असतो, त्याचे कारण हे आहे.

(३) व्हँकोमायसीन : ग्रॅम-व्यक्त सूक्ष्मजंतू वाढल्यावर प्रारंभीच व्हँकोमायसीन जोडण्याची प्रथा पडू लागली होती. यूरोपीय व कॅनडीय गटांच्या १९९१ मधील चाचणीत असे दिसून आले की, ही जोड सरसकट दिल्याने रुग्ण अधिक वाचत नाहीत, मात्र वृक्कांना अपाय वाढतो. २००३ मधील दुसऱ्या चाचणीत दोन-अडीच दिवसांनंतरही ज्वर न उतरलेल्या रुग्णांना व्हँकोमायसीन किंवा औषधहीन द्राव दिला गेला. दोन्ही गटांत फरक आढळला नाही. नीलेतील नळीचे संक्रामण, त्वचेचे संक्रामण, फुप्फुसदाह, रक्तदाब ढासळणे अथवा मेथिसिलिनाला प्रतिरोध करणारे स्टॅफिलोकॉकस शरीरात असल्याचे ज्ञात असणे, अशा कारणांसाठीच ते द्यावे असे ठरले. केवळ ज्वर टिकून आहे म्हणून औषधांत भर घालणे योग्य नव्हे.

यशाचे मोजमाप : या चाचण्यांचे निष्कर्ष वाचताना ‘यश’ कशाला म्हटले आहे हे पाहणे आवश्यक असते. यूरोपीय गटाच्या व्याख्येनुसार प्रारंभिक औषधात बदल न करता ज्वर व संक्रामण नाहीसे झाले तरच यश, अन्यथा अपयश. पिझो यांच्या मते दीर्घकाळ कोशिकान्यूनता असलेल्या रुग्णात औषधे मधून मधून बदलावी लागणे स्वाभाविक आहे. रुग्ण त्या काळातून जिवंत बाहेर पडला की प्रारंभिक चिकित्सा यशस्वी समजावी. एकाच माहितीवरून या दोन व्याख्यांनी भिन्न उत्तरे निघतात. शिवाय कोणते औषध दिले आहे हे वैद्यास ठाऊक असल्यास एकल चिकित्सेच्या गटात तो लवकर धीर सोडून दुसरे औषध जोडतो व ते ‘अपयश’ म्हणून नोंदले जाते. मृत्यू ही अशा प्रकारे संदिग्ध न राहणारी घटना आहे. परंतु चिकित्सा सुधारल्यामुळे मृत्यू कमी झाले असून केवळ त्यांवरून फरक ओळखण्यास फार मोठ्या चाचण्या लागतात. अनेक चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणास यामुळेच महत्त्व आले आहे.

धोक्यानुसार वर्गीकरण : सर्वच रुग्णांना सारखा धोका नसतो. स्तन, आतडे इ. अवयवांच्या घन अर्बुदांवरील उपचारांनंतर कोशिकान्यूनता बहुधा आठवड्याहून कमी टिकते. श्वेतकोशिकार्बुदात व अस्थिमज्जा प्रतिरोपणानंतर ती दीर्घकाळ टिकते. २००० साली एका आंतरराष्ट्रीय संघाने वय, रक्तदाब, लक्षणांची तीव्रता, फुप्फुसविकार, निर्जलीभवन, कर्करोगाचा प्रकार इ. बाबींवर आधारित गुणांकपद्धती प्रसिद्ध केली. तीत कमाल २६ गुण असून २१ वा अधिक गुण मिळालेल्या रुग्णास कमी धोका समजतात. १९९९ मध्ये अमेरिका व यूरोप येथे प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्यांत अशा कमी धोक्याच्या रुग्णांना तोंडाने दिलेली सिप्रोफ्लॉक्झॅसीन व ॲमॉक्सिसिलीन-क्लाव्ह्युलानेट ही औषधे नीलेवाटे दिलेल्या औषधांइतकीच गुणकारी ठरली. यामुळे निवडक रुग्णांवर घरी राहूनही उपचार करणे शक्य झाले. मात्र त्यासाठी काही काळ रुग्णालयात निरीक्षण, घरी सतत सोबत आणि रुग्णालयात त्वरित परतण्याची सोय या अटी पाळाव्या लागतात. जेथे सूक्ष्मजंतू सिप्रोफ्लॉक्झॅसिनाला मोठ्या प्रमाणात प्रतिरोधी आहेत तेथे ही पद्धत जपून वापरावी लागते.

चिकित्सेचा कालावधी : पिझो यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कोशिकान्यूनता टिकून असताना सातव्या दिवशी औषध थांबविलेल्या काही रुग्णांत पुन्हा संक्रामण उद्भवले. त्यामुळे कोशिकांची संख्या ५०० च्या वर जाईपर्यंत औषध चालू ठेवण्याचा नियम पडला. या दीर्घ वापराने अपाय, खर्च व प्रतिरोध हे तिन्ही वाढले. स्पेनमधील सहा रुग्णालयांत १५७ रक्तविकार रुग्णांवर केलेल्या व २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, ज्वर उतरून ७२ तास झाले व इतर लक्षणे नाहीशी झाली म्हणजे कोशिकासंख्या कमी असतानाही औषध थांबविणे सुरक्षित असल्याचे आढळले. कारक सूक्ष्मजंतू ओळखला गेल्यास विस्तृत पल्ल्याचे औषध बदलून नेमके, मर्यादित पल्ल्याचे औषध देणे यासही आता तितकेच महत्त्व दिले जाते. चार ते सात दिवस योग्य औषध देऊनही ज्वर टिकल्यास कवकाच्या (बुरशीच्या) संक्रामणाचा शोध घ्यावा लागतो. [⟶ कवकसंसर्ग रोग].

प्रतिबंधक चिकित्सा : संक्रामण होण्यापूर्वीच औषध देण्याविषयी २००५ मध्ये इटली व ब्रिटन येथील दोन मोठ्या चाचण्या प्रसिद्ध झाल्या. लेव्होफ्लॉक्झॅसीन दिल्याने ज्वराचे प्रसंग कमी झाले. परंतु मृत्यूंचे प्रमाण घटल्याचे या चाचण्यांत स्पष्ट झाले नाही. प्रतिरोध वाढण्याच्या भीतीमुळे दीर्घ कोशिकान्यूनतेचा संभव असलेल्यांपुरताच तिचा विचार करतात. अस्थिमज्जेस चेतना देणारे वृद्धिघटक (उदा., १९९१ पासून उपलब्ध असलेले फिल्ग्रास्टीम) न्यूनतेचा काळ कमी करतात. हात स्वच्छ धुणे व नीलेतील नळी हाताळताना निर्जंतुकता पाळणे या साध्या उपायांचे मोल कोणत्याही औषधाहून कमी नाही.

प्रतिरोध व भारतातील परिस्थिती : भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या निरीक्षण जालातील मोठ्या रुग्णालयांत इमिपेनेमाला संवेदनक्षम असलेल्या एश्चेरिकिया कोलाय वाणांचे प्रमाण २०१६ मध्ये ८६% होते, ते २०२१ मध्ये ६४% झाले, क्लेब्सिएलाच्या बाबतीत ते ६५ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर आले. हे आकडे मुख्यतः मोठ्या रुग्णालयांतील रुग्णांचे असून सर्वसाधारण जनतेचे नाहीत. परंतु कर्करोगाचे रुग्ण अशाच रुग्णालयांत वारंवार दाखल होत असतात. २००९ मध्ये वर्णन केलेले व नवी दिल्लीच्या नावाने ओळखले जाणारे मेटॅलो-बीटा-लॅक्टामेज हे एंझाइम कार्बापेनेमासह बहुतेक बीटा-लॅक्टाम औषधांचे विघटन करते. त्यामुळे वृक्कांना अपायकारक म्हणून मागे पडलेले कोलिस्टीन हे जुने औषध पुन्हा वापरात आणावे लागले. ॲझट्रिओनाम हे औषध वरील एंझाइमाला बळी पडत नाही. म्हणून सेफ्टाझिडीम-ॲव्हिबॅक्टम व ॲझट्रिओनाम ही संयुक्त चिकित्सा आता अशा संक्रामणात अधिक पसंत केली जाते. भारतीय संशोधनातून पुढे आलेले एन्मेटाझोबॅक्टम हे बीटा-लॅक्टामेज-रोधक सेफेपिमाच्या जोडीने वापरण्यास २०२४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. तथापि ते वरील एंझाइमाविरुद्ध उपयोगी नाही.

अशा स्थितीत परदेशातील मार्गदर्शक तत्त्वे जशीच्या तशी स्वीकारणे धोक्याचे असते. प्रत्येक रुग्णालयाने आपल्या रुग्णांच्या संवर्धन अहवालांची नोंद ठेवून दर सहा महिन्यांनी किंवा वर्षाने तिचा आढावा घ्यावा व त्यावरून प्रारंभिक औषध ठरवावे. रुग्णाच्या शरीरात यापूर्वी प्रतिरोधी सूक्ष्मजंतू आढळले होते काय, अलीकडे त्याने कोणती प्रतिजैव औषधे घेतली, या माहितीलाही तितकेच महत्त्व आहे. प्रकृती स्थिर असल्यास मर्यादित पल्ल्याच्या औषधाने प्रारंभ करून गरजेनुसार चढत जाणे आणि प्रकृती गंभीर असल्यास विस्तृत पल्ल्याने प्रारंभ करून अहवालानुसार उतरत येणे, असे दोन मार्ग यूरोपीय तज्ज्ञांच्या २०११ मधील परिषदेत सुचविण्यात आले. या दोहोंतून निवड करण्यास स्थानिक नोंदीच आधार देऊ शकतात.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयासारख्या (स्थापना १९४१) मोठ्या केंद्रात दूरदूरच्या जिल्ह्यांतून व राज्यांतून रुग्ण येतात व औषधाच्या दोन फेऱ्यांमधील काळ पुष्कळदा आपल्या गावी काढतात. कोशिकासंख्येचा नीचांक नेमका याच काळात येतो. अशा वेळी ज्वर आल्यास घरीच पॅरासिटामॉल घेऊन तो उतरविल्याने एकमेव चिन्ह झाकले जाते व मोलाचे तास निघून जातात. म्हणून रुग्णाजवळ तापमापक असणे, उपचारांचा तपशील असलेला कागद नेहमी सोबत बाळगणे, ज्वर वा हुडहुडी येताच जवळच्या रुग्णालयात जाणे आणि तेथील वैद्याने रक्त संवर्धनासाठी घेऊन लगेच पहिली मात्रा देणे आवश्यक असते. तपासण्या व मूळ केंद्राशी विचारविनिमय त्यानंतरही होऊ शकतो. १९७१ पासूनच्या सर्व तुलनात्मक चाचण्या एका गोष्टीवर एकमत दाखवितात : औषधांच्या निवडीतील सूक्ष्म भेदांनी जेवढे रुग्ण वाचतात, त्यांहून अधिक रुग्ण योग्य औषध वेळेवर सुरू केल्याने वाचतात.